गॅस्केट गेलंय म्हणून सांगा

— नाही काका, नका घेऊ. हेड गॅस्केट गेलंय. किल्ली त्या यार्डवाल्याच्या टेबलावर ठेवा आणि सरळ सांगा, गॅस्केट गेलंय, समोरच्या गॅरेजवाल्या बाईनं सांगितलंय. घाबरू नका, तो तुम्हाला काही बोलणार नाही, माझं नाव काढलं की त्याची बोलतीच बंद होते. — हो, दिसायला चांगली आहे, मी कुठं नाही म्हणते — रंग चांगला, सीटा चांगल्या, सून-नातवंडं सगळी मावतील. पण तीन लाख किलोमीटर पळालेली मोठी गाडी आहे ही, आणि असल्या गाड्यांचं मरण गॅस्केटमध्येच असतं. म्हणजे काय? म्हणजे इंजिनाचं धड खाली आणि डोकं वर, आणि दोघांच्या मधे एक पातळ पत्रा. त्या एवढ्याशा पत्र्यानं आग आगीच्या जागी ठेवायची, पाणी पाण्याच्या जागी, तेल तेलाच्या जागी. तो फाटला की सगळी सरमिसळ. — ती नळी राहू द्या रेडिएटरच्या तोंडावर, हात नका लावू. तिच्यात निळं औषध आहे. आग पाण्यात शिरत असली तर त्याचा रंग बदलतो, पिवळा होतो. इंजिन चालू राहू दे. बसा, त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे.

ते समोरचं जुन्या गाड्यांचं यार्ड माझ्या भावाचं आहे. सख्ख्या. — तुम्हाला माहीत नव्हतं? सगळ्या बाजाराला माहीत आहे. सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात, बहिणीचं कोणी म्हणत नाही, म्हणायला हवं. आमचे हे प्रवासी गाडी चालवायचे, घाटातल्या रस्त्यावर, दुसऱ्याची. स्वतःची असावी असं मलाच वाटायचं, ह्यांना नाही. दादाकडे गेले. म्हणाला, घरात गाड्यांची रांग असताना बहिणीनं बाहेर कशाला जायचं. अशीच मोठी गाडी दिली, अशीच पळालेली. मी विचारलं, इंजिन बरं आहे ना रे, तर हसला. म्हणाला, "माझ्या बहिणीला मी खराब गाडी देईन होय?" आईपण होती तिथं. तिनं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तान्ह्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

आणि गॅस्केट तेव्हाच गेलेलं होतं. दादाला ठाऊक होतं. रेडिएटरमध्ये पावडर ओतली होती त्यानं — मिळते तशी, फट तेवढ्यापुरती बुजते, गाडी चार दिवस निमूट चालते — आणि एवढ्यावर थांबला असता तरी मी एखादवेळेस... नाही, तरीही नाही. पण तो थांबला नाही. इंजिन तापलं की वर चढणारा काटा असतो ना, त्याची वायर काढून ठेवली होती. गाडी पेटली असती तरी काटा थंडच दाखवणार. भरलेली गाडी घेऊन हे चढाला लागले आणि वर पोचता पोचता गाडीनं दम टाकला. हे कच्चे ड्रायव्हर नव्हते हो. बाजूला घेतली, उतारू उतरवले, सावलीत बसवले, थांबले. काटा पाहिला — खाली. पुन्हा पाहिला — खाली. गाडीत एक बाळंतीण होती, तिचं पोर रडून रडून निळं पडायला आलं होतं, तेव्हा फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण थोडंसंच फिरवलं.

पुढचं काय सांगायचं. उकळतं पाणी तोंडावर आलं. एक डोळा गेला, दुसऱ्यानं सावल्या दिसतात. तोंड तुम्ही पाहिलंच असेल आत येताना, लोक पाहतात आणि मग जमिनीकडे पाहायला लागतात. तुम्हीही तेच केलंत, मला राग नाही.

दादा आला होता दवाखान्यात. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, आई शेजारी, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तापलेल्या गाडीचं झाकण उघडतो तो ड्रायव्हर कसला?" हे पट्ट्यांखाली जागे होते. ऐकत होते. आणि आईनं मान हलवली, काका. तिच्या लेकाच्या बाजूनं. काट्याची वायर मला नंतर कळली, गाडी उघडली तेव्हा. मी ती वायर घेऊन आईकडे गेले. ती म्हणाली, तुटली असेल. अहो, तुटलेली वायर चिकटपट्टीत गुंडाळून कोण ठेवतं?

मग मी काम शिकले. ह्यांच्याकडून. हे वास घ्यायचे, कान लावायचे, सांगायचे, आणि मी पाना फिरवायची. आजही तसंच — डोळे माझे, बाकी सगळं त्यांचं. धुराड्याशी नाक नेलं की सांगतात पाणी जळतंय की नाही. दुसरीकडे स्वस्तात जागा मिळत होती, पण मला हीच हवी होती, ह्याच फाटकासमोरची. ‘जुनी गाडी घेण्याआधी तपासून घ्या’ — पाटी मुद्दाम अशी लावली की त्याच्या खुर्चीतून तीच दिसावी. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या वर्षी नुसती मजा होती. यार्डातून गाडी निघायची, रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची, मी ऑइलचं झाकण काढून दाखवायची — खाली पांढरट साय, पाणी मिसळलेलं तेल — आणि गाडी आल्या पावली परत. तो काचेआडून बघत असायचा. एकेक गाडी परत जाताना मला जेवल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

वहिनी आली होती परवा. त्याची बायको. ह्याच टायरवर बसली होती. म्हणाली, पुरे करा आता, यार्ड बंद करायची वेळ आलीय, त्यांना झोप नाही. मी म्हटलं, आमच्या ह्यांनाही नव्हती. म्हणाली, ते येऊन पाया पडतील. मी म्हटलं, पाठव की, रस्ता केवढा आहे, चार पावलांचा. आला का? नाही आला. वहिनीच रडली आणि जाताना म्हणाली, ताई, तुमच्या धाकानं आता ते प्रत्येक गाडी स्वतः उघडून बघतात, खराब असेल तर दारातूनच परत पाठवतात, डोळ्यात तेल घालून. मला ठाऊकच होतं ते. वर्ष झालं, त्याच्याकडे खराब गाडी येतच नाही. बोट ठेवावं अशी एकही नाही. बघा म्हणजे, ह्यांचा डोळा घेऊन तो सुधारला. चांगला माणूस झाला. लोक म्हणायला लागले, समोरचा इमानी आहे हो. मग मी काय करायचं? पाटी उतरवून घरी बसायचं? चांगल्या गाडीला चांगली म्हणत, त्याचं गिऱ्हाईक माझ्या हातानं त्याच्याकडे पाठवायचं? तेवढी मी मोठी नाही काका, मी नाही पाठवलं, मी सगळ्यांना तेच सांगितलं, गॅस्केट गे—

काय?

— हो, निळंच आहे. दिसतंय मला. वेळ लागतो कधी कधी. — नाही, एवढा नाही लागत. थंडीत... नाही. बरं, निळं आहे. आहे निळं. मग? तुम्ही काय पोलीस आहात? त्याच्या गाड्या मी परत पाठवते, त्यात तुमचं काय गेलं, दुसरीकडे घ्या, बाजारात गाड्यांना काय तोटा आहे? सुनेला जरा उशिरा मिळेल. माझ्या घरातलं जे गेलं ते उशिरानंसुद्धा यायचं नाही.

— अहो, तुम्ही कशाला उठून आलात? पायरी आहे तिथं, थांबा, हात धरते. — नको? — कधीपासून उभे आहात दारात?

...

काका, जरा बाजूला व्हा. त्यांना गाडीच्या मागे जायचंय. गाडीत बसा आणि रेस करा, करा तुम्हीच, पायाखाली आहे ते पेडल. थोडं. आणखी. बस.

ऐकलंत ना काय म्हणाले? "स्वच्छ आहे. घ्या काका." एवढंच. आणि आत गेले. भिंतीला हात लावत गेले, माझा हात होता इथं, तरी भिंतीला. एवढ्या वर्षांत असं... ते मला पुरे कर म्हणायचे, रोज म्हणायचे, पण त्यांना वाटायचं मी खरं तेच सांगते. त्यांच्याच नाकाच्या जोरावर सांगते. समोरच्या गाड्या वर्षभर त्यांच्या नाकापर्यंत मी जाऊच दिल्या नाहीत. आता ते मला विचारतील, किती जणांना सांगितलंस. मी काय सांगू? मोजले नाहीत.

हसताय का तुम्ही? — नाही ना. बरं.

घ्या, नळी काढली. झाकण मी लावते, तुम्ही नको. किल्ली घ्या. मला काही देऊ नका, खिशातला हात बाहेर काढा. गाडी चांगली आहे, खूप दिवस चालेल, पाणी बघत जा आणि काटा वर गेला की थांबत जा. त्याला सांगा, बहीण म्हणाली... नाही. माझं काही सांगू नका. त्याला काय वाटेल ते वाटू दे, मी माफ केलंय असं तेवढं वाटता कामा नये. ते मी केलेलं नाही. ह्यांनी केलं असेल, त्यांचं ते बघतील, मी नाही.

काचेपाशी उभा आहे बघा. इकडेच बघतोय, गाडी आता कुठल्या बाजूला वळते ते. बघू दे. निघा तुम्ही.