शिंपीण : बोलेल ते

मला वाटलं होतं, स्टुडिओत काचेची मोठी भिंत असेल — नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिच्यावर टाचण्या असतात, या स्टुलावर बसा — तर काचेची भिंत, पलीकडे यंत्रं, दिवे, मधोमध ती लिफ्ट आणि कोपऱ्यात लेखकसाहेबांचं टेबल. शाळेत असताना, इतक्या लांब, वसतिगृहाच्या कपडे धुवायच्या खोलीत बसून मी ती मालिका ऐकायचे ना, तेव्हापासून हे चित्र डोक्यात. आत्या कॅसेटी पाठवायची, पार्सलनं, कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून. आणि आठ महिन्यांपूर्वी परत आले, आपल्या कंपनीत लागले, पहिल्याच दिवशी मला तो स्टुडिओ दाखवायला नेलं, तर काय — सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. छताला टांगलेला एकच माइक. आणि लिफ्ट? लिफ्ट म्हणजे एक गंजलेलं लोखंडी कपाट. मालिकेतले सगळे आवाज काढायचे ते खडखडकाका — सगळे त्यांना तेच म्हणतात — त्यांनी कपाटाचं दार अर्धं ओढलं, पायानं एक खुर्ची फरशीवर घासली, आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. कारण तोच आवाज होता हो. तीनशे वर्षं मागे जायचा.

हसताय कशाला, तुम्हीसुद्धा ऐकायचात. मगाशी जिना चढताना सुरुवातीची धून गुणगुणत होतात, मला ऐकू येत होती. आत्या आत आहे, जागीच आहे, तिला नंतर भेटा. फाइल मांडीवरच असू द्या. आत्याच्या सहीचं सांगते. काल दुपारी फोनवर मीच म्हटलं ना तुम्हाला, या, सही मिळेल — म्हटलं, कबूल. पण त्यानंतर एक संध्याकाळ गेली आणि एक सकाळ.

तुमच्या फाइलवर काय लिहिलंय — ‘कप्तानाची कालसाहसे’. कप्तानाची. आता मला सांगा, कप्तान काय करायचा? लिफ्टमध्ये मजल्यांच्या जागी वर्षांची बटणं, त्यातलं एक दाबायचा, दार उघडलं की छाती काढून बाहेर पडायचा आणि पहिल्या पाच मिनिटांत पकडला जायचा. दर भागात. का, तर अंगावर चुकीच्या शतकातले कपडे. मग त्याला सोडवायचं कुणी? शिंपिणीनं. ती बिचारी पहिल्या भागात लिफ्टमध्ये चढली ती तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला कोट द्यायला, एक बाही जोडायची राहिली होती, म्हटलं वर जाईपर्यंत जोडू — आणि कप्तानानं बटण दाबलं. तिच्या मागोमाग कारकून चढला, त्याला ऑफिसला उशीर झालेला. आठवतो ना तो? हजार वर्षं पुढे गेलेत, शहर नाही, रस्ता नाही, आणि हा म्हणतो, ‘साहेब ओरडतील, आता तरी परत फिरा.’ आणि ती म्हणते, ‘अरे, तुझ्या साहेबाचं थडगंसुद्धा झिजून गेलं, आता जरा दमानं घे.’

तर ती बाही. सत्तावीस वर्षं ती बाही जोडली गेली नाही. का? कारण जोडली की कोट पुरा, आणि कोट पुरा झाला की तिला तिसऱ्या मजल्यावर उतरावं लागणार. एकदा कारकुनानं विचारलं तर म्हणाली, ‘होईल रे, दोरा रंगाला जुळत नाहीये.’ सत्तावीस वर्षं दोरा जुळला नाही. मी धुलाईच्या यंत्राला पाठ टेकून हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, काय माणूस आहे हा लिहिणारा.

बरं, तुम्ही सांगा, तुमच्या कायम लक्षात राहिलेलं वाक्य कुठलं? — नाही, आठवा ना, घाई कसली आहे. — बघा. मला माहीत होतं तुम्ही खिशाचाच भाग सांगणार, सगळे तोच सांगतात. ते पुढच्या काळातलं शहर, जिथे कुणाच्याच कपड्यांना खिसे नाहीत, कारण कुणीच कुणापासून काही लपवायचं नाही असा कायदा. आणि शिंपीण एका म्हाताऱ्या बाईला म्हणते, ‘खिसा शिवून देते. त्यात काय ठेवायचं ते मला सांगू नका.’ आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दारापुढे अख्खं शहर रांगेत उभं. तुमच्या अंगावर काटा आला आत्ता, मी बघितलं. ते वाक्य लेखकसाहेबांचं नाही.

नाही. थांबा, मला बोलू द्या. लेखकसाहेब वाईट नव्हते, तसं मी म्हणणार नाही. कप्तान त्यांचा, लिफ्ट त्यांची, ती कुठल्या वर्षात थांबायची ते त्यांचं. पण पहिल्याच भागाच्या वेळी ते अडले. कपडे शिवणारी बाई कशी बोलते ते त्यांना कुठून माहीत असणार? तर त्यांनी कप्तानाची वाक्यं लिहिली, कारकुनाची लिहिली, आणि शिंपिणीसमोर लिहिलं — ‘बोलेल ते’. कंसात. आत्या तेव्हा याच खोलीत, याच मशीनवर शिवायची आणि दुपारी आवाज द्यायला जायची. ती माइकसमोर उभी राहिली, पान बघितलं, बोलली. छान झालं. पुढच्या वेळीही ‘बोलेल ते’. मग पद्धतच पडली. खडखडकाका म्हणाले, आम्हाला त्यात काही वाटायचंच नाही, स्टुडिओत कपाट असतं तसं शिंपिणीचं ‘बोलेल ते’ असायचं. तिचं बोलणं ऐकून कप्तान काय उत्तर देणार ते तिथल्या तिथे ठरायचं, आणि पुढच्या आठवड्याचं पान लेखकसाहेब त्यावरून लिहायचे. खिसे नसलेलं शहर त्यांचं. खिसा तिचा.

मला कधी कळलं? पहिल्याच महिन्यात. मला जुनी पानं आणि जुन्या टेपा दिल्या होत्या ना, समग्र पुस्तकासाठी स्वच्छ प्रती करायला. पान उघडलं की ‘बोलेल ते’, ‘बोलेल ते’, टेप लावली की आत्याचा आवाज. — हो, मग काय केलं? तेच तर सांगायचं नव्हतं मला. मी भरलं. टेपा ऐकून ऐकून मी सगळ्या रिकाम्या जागा भरल्या, सुबक, विरामचिन्हांसकट, म्हटलं पुस्तकात अशी भोकं बरी दिसत नाहीत. आणि मूळ पानं — वाळवी लागलेली, तुटकी — प्रती झाल्या की टाकून द्या अशी वरून सूचना होती, तर टाकली. माझ्या हातानं. गठ्ठे बांधून खाली नेऊन दिले. संग्रह जपायचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी मी. तुम्हाला आता पुराव्याची काळजी नको, पुरावा मीच संपवला, तुमच्या कायदा विभागालाही इतकं नीट जमलं नसतं.

सूचना होती म्हणून? नाही. सूचना मी काय कमी धाब्यावर बसवते, माझ्या साहेबांना विचारा. मला तसंच हवं होतं. माझा प्रबंध आहे लेखकसाहेबांवर. तिकडे, विद्यापीठात. ‘त्यांच्या लेखनातील स्त्रीचा आवाज’. शाबासकी मिळाली होती त्याला. तीन वर्षं मी लोकांना पटवून देत होते की एक पुरुष एवढं आतून लिहू शकतो, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक अवतरण — जाऊ द्या. मी म्हणायचे, प्रस्तावनेत लिहीन ना आत्याबद्दल. लिहिल्याही होत्या चार ओळी. त्या कुणी काढल्या? नसाल तुम्ही. पण काढल्यावर मी भांडले का? नाही भांडले. इथे आले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते की आपला ठेवा आपण जपला पाहिजे, आपल्या माणसांची नावं पुसली जाता कामा नयेत. आणि पहिलं नाव मीच पुसलं. तुम्ही फक्त त्याखाली तिची सही घ्यायला आलात.

आता काल संध्याकाळ. आत्याला मी तुमचा कागद वाचून दाखवला — ‘मी केवळ आवाज दिला असून लिखाणाशी माझा कोणताही संबंध नाही’. ती म्हणाली, खरंच आहे की, दे पेन. मी म्हटलं, अगं, रिकाम्या जागांत तूच बोलायचीस ना. तर म्हणाली, ‘ते काय लिहिणं झालं का? तोंडाला येईल ते बोलायचे. तू आपलं उगाच काहीतरी काढतेस.’ वर म्हणाली, सकाळी ते गृहस्थ येतील, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. म्हणजे तुम्ही. आणि मग तिनं माझी ती स्वच्छ प्रत मागितली. चष्मा लावला आणि मशीनच्या दिव्याखाली वाचायला बसली. खिशाचाच भाग. मी समोर बसून तिच्याकडे बघत होते. म्हटलं, आता ओळखेल, आता म्हणेल, अगं, हे तर माझं. वाचलं तिनं सगळं. बोट फिरवत, हळूहळू. एका ठिकाणी हसली, एका ठिकाणी डोळे पुसले. आणि चष्मा काढून मला काय म्हणाली? म्हणाली, ‘किती छान लिहिलंय गं त्यांनी. माणूस खरंच मोठा होता.’



ती विसरली, असं नव्हे. बोललेलं तिच्या लक्षात नव्हतं, कारण बोललेलं लक्षात ठेवायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि छापलेलं म्हणजे साहेबांचं, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तिचे शब्द असे इस्त्री करून तिच्यापुढे ठेवले की तिला स्वतःलाच ओळखू येईनात.

आज सकाळी सहाला तिनं मला हाक मारली, खिळ्यावरचा बाहीचा नमुना काढून दे म्हणून. तो बघा, तिथे लटकतोय तो गठ्ठा. कापड बेतण्याआधी कागदाचे नमुने कापतात ना, बाहीचा, कॉलरचा, तसले, आणि त्यासाठी घरात जो कागद असेल तो घेतात. मी बाहीचा कागद काढला आणि तो उलटा झाला. वाचा. वाचा ना. लेखकसाहेबांचंच अक्षर आहे. ‘कप्तान : या शहरात काहीतरी विचित्र आहे. शिंपीण : (बोलेल ते).’ आणि इथे कात्रीनं गोलाई घेतली आहे, म्हणून कारकून अर्धाच राहिलाय. कॉलरवर आणखी एक. मागच्या पाठीच्या तुकड्यावर दोन, बाकीच्या नमुन्यांवर तीन. सत्तावीस वर्षांच्या पानांतली सात उरली, तीही बाह्या आणि गळे होऊन, कारण माझ्या आत्यानं कागद वाया घालवला नाही.

मी तिच्या हातात दिला. तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, ‘पान तर रिकामं आहे.’ म्हटलं, हो. म्हणाली, ‘मग काल मी वाचलं ते बोललं कोण?’ माझी बोलायची वेळ नव्हती ती. तिनं खडू खाली ठेवला, मापाची टेप गळ्यातून काढली आणि आत जाऊन बसली. आतून म्हणाली, ‘त्या गृहस्थांना सांग, पेन मिळालं नाही.’

तर पेन मिळालं नाही. हे माझ्याकडून लिहून घ्या — थांबा, मी लिहूनच ठेवलंय. यात आहे सगळं : रिकाम्या जागा मी भरल्या, कुणाच्या बोलण्यातून भरल्या, मूळ पानं मी टाकली, आणि माझा प्रबंध चुकीचा आहे. विद्यापीठालाही पाठवलंय सकाळीच, आठ वाजता. खडखडकाकांनी खाली साक्षीदार म्हणून नाव घातलंय, स्टुडिओत ते शिलाई मशीनचा आवाज काढायचे तोवर शिंपीण कधी कागदाकडे बघत नव्हती, असंही लिहिलंय त्यांनी, त्यांच्या पद्धतीनं. माझी नोकरी जाईल? जाऊ दे. अहो, मला धमकी देताना तरी सुरात द्या, तुमचा आवाज कापतोय.

आणि हा स्वच्छ प्रतींचा गठ्ठा. हे तुम्हाला हवं होतं ना, नव्या मालिकेसाठी? उद्या दहाला रेकॉर्डिंग आहे, आणि पहिल्याच भागात तुम्ही शिंपिणीला बाही जोडायला लावून तिसऱ्या मजल्यावर उतरवणार आहात, म्हणजे पुढे कप्तान एकटा. न्या. सगळी पानं आहेत, एकही कमी नाही. फक्त सकाळपासून बसून मी संगणकातूनच शिंपिणीची वाक्यं काढून टाकलीत. प्रत्येक. कप्तान तसाच आहे, कारकून तसाच आहे, आणि तिच्या पुढे मूळ पानांत होतं तेच, कंसात. शिंपिणीचा आवाज देणाऱ्या तुमच्या त्या नव्या मुलीला द्या. माइकसमोर उभी करा. बोलू दे तिला.

नाही, वाक्यांची प्रत नाही माझ्याकडे. टेपा आहेत, ऐका हवं तर, पण त्यात जे बोललंय ते वापरायचं तर बोलणारीला विचारावं लागेल, आणि ती आत बसली आहे आणि आज तिला वेळ नाही, तिला एक कोट पुरा करायचा आहे. खिशासकट.

फाइल उचला. टाचण्या बघून. आणि जिन्यानंच जा, इथली लिफ्ट भरवशाची नाही.