रांगेत थांबलेलं पत्रक

— नाय, ते कळलं हो, पण तुम्हाला पुण्याहून बोलावलं कुणी? तात्यासाहेबांनी? व्हय, आमचे स्टोअर मॅनेजर. माझे सख्खे मामा. नोकरी त्यांनीच लावली, राहतो पण त्यांच्याच घरी — माझ्याबद्दल काय बोलले का? नाय? मग दार कशाला लावलं? एसीसाठी? बरं, असू द्या.

बघा साहेब, आधी साधा कॉम्प्युटर होता, बटण दाबलं की कागद बाहेर. मग कंपनीनं हे युनिक्सचं मशीन आणलं, म्हणाले तुमचा जुना डॉसचा मराठी प्रोग्राम याच्यातच चालवा — चालतो, लई झकास चालतो, फक्त छापत नाय. मी दाबतोय, दाबतोय, कागदच येईना. नाय आला म्हणजे नाय छापलं, सरळ आहे की! टाइपरायटरवर शिकलेला माणूस मी... काय? छपाईच्या रांगेत थांबलंय? मी पाठवलेलं सगळं? अजून आतच आहे?

गेट पास असतील, दुसरं काय. उघडून बघितलं का तुम्ही? खरं सांगा! मामांनी बघायला सांगितलं ना? — तसं काय नाय हो. बन्सी म्हणून आहे आमच्या मशीन शॉपमध्ये, दुपारी त्याच्याच डब्यातलं खातो मी — हे घरी ठाऊक नाय. त्याला सभेचं पत्रक पाहिजे होतं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून. दिलं टाइप करून. आमच्या नात्यागोत्यात, तिकडं कन्नड तालुक्यात, हा विषय काढला तरी माणसं ताटावरून उठतात, अन् मामा तर सगळ्यांत पुढं. खाली दोन नावं आहेत. एक बन्सीचं. दुसरं कुणाचं, ते तुम्हाला काय करायचंय?

रांग पुसता येते? मग पुसा की! आधी पुसा, मग प्रिंटर जोडा... जोडला? अहो, विचारायचं तरी! थांबवा, प्रिंटर परवाच मामांच्या केबिनमध्ये हलवलाय! ऐका — सुरू झालं. भिंतीपलीकडं. एक कागद... दुसरा... सगळी तीच पत्रकं. बटण दाबत राहिलो ना मी, गाढवासारखा.

थांबलं.

— या, मामा. व्हय, मीच टाइप केलं. नाय, फसवून कुणी घातलं नाय, ते माझंच नाव आहे. बन्सीला काय विचारू नका, मला विचारा. सामान संध्याकाळी नेतो. मामींना मीच सांगीन.

साहेब, तुम्ही निघा आता. छपाई चालू झाली.