चार हातांचा कार्बन

मंडळी, ऐका! आज मी एकच प्रश्न घेऊन उभी आहे. भरवलेला घास बाळानं थूः करून बाहेर काढला, तर आपण काय करतो? बाळाला नापास करतो? नाही ना! घास मऊ करतो, लहान करतो, चिऊचा म्हणतो, काऊचा म्हणतो — आणि पुन्हा भरवतो. मग विद्येच्या वेळीच आपण एवढे कडक का? पोराला कळलं नाही, की पोरगं ढ! भरवणाऱ्याला कुणी विचारतं का — बाई गं, घास केवढा केला होतास?

हसताय काय? ऐका!

माळेवाडीत इंदुआत्यांच्या घरी सून आली. नाव केतकी, वय विशीचं, आणि मनात एकच — नर्स व्हायचं! नवरा म्हणाला, "हो." सासू म्हणाली, "बघू." आणि रसायनशास्त्र म्हणालं — "मुळीच नाही!" बारावीला त्या एकाच विषयात पोरगी नापास.

इंदुआत्यांनी ठणकावलं, "हे बघ, फेब्रुवारीत अजून एकदा बस. विषय सुटला, तर नर्सिंग कॉलेजचं फाटक मी स्वतः दाखवीन. नाही सुटला, तर पुस्तकं माळ्यावर! मग तोंड वाकडं करायचं नाही."

केतकी घोकायची हो! भाकरी थापताना समीकरण, केर काढताना समीकरण. पण इथे दोन का आणि तिथे चार का, असं विचारलं की डोळ्यांत टचकन पाणी.

गावच्या शाळेत रसायन शिकवायला सरोदेबाई होत्या. डोक्यात सारखं काहीतरी नवं! एकदा वर्गात राजगिऱ्याचे लाडू आणि खराट्याच्या काड्या घेऊन आल्या. लाडू म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध! कल्पना सुंदर — पण पुढच्या बाकाला कळेपर्यंत मागच्या बाकानं रेणू खाऊन टाकला!

तर अशा या बाई नागपंचमीच्या दुपारी केतकीला शिकवायला आल्या. अंगणात फुगड्या रंगलेल्या, आणि ही ओट्यावर पुस्तकात तोंड खुपसून.

"काय अडलंय?"

"बाई, मिथेन जळतो ते समीकरण. पाठ आहे, पण ऑक्सिजनच्या आधी दोनच का, ते कळत नाही."

बाईंनी पुस्तक पाहिलं. अंगण पाहिलं. आणि पदर खोचला!

"बायांनो, थांबा! नवा खेळ. परकरातल्या चार पोरी — तुम्ही हायड्रोजन. तुम्हाला एकच हात, दुसरा कमरेवर! फुगडी घालणाऱ्या दोघी — तुम्ही ऑक्सिजन. दोन दोन हात, एकमेकींचे घट्ट धरा. आता कार्बन हवा. त्याला लागतात चार हात!"

चार हात! मंडळी, आपल्या माहितीतला चार हातांचा तो एकच — तो हा देव, माझ्यामागे गाभाऱ्यात उभा आहे! माणसात कुठून आणायचा? तेवढ्यात एक खट्याळ बाई ओरडली, "अहो, इंदुआत्या आणि शेवंताकाकू! या जावा कायम पाठीला पाठ लावूनच असतात की!"

खरंच होतं. लग्नातल्या मानाच्या पातळावरून बिनसलेलं, कित्येक वर्षं बोलणं नाही. पण पंचमीला नाही कोण म्हणणार? पाठीला पाठ लावली, पदराला पदर बांधला — झाला कार्बन! चार हातांना चार पोरी लटकल्या.

"हा मिथेन. गोबरगॅसमधला!"

"ईऽऽ!" पोरी नाक मुरडून खिदळल्या.

"आता काडी ओढली! सोडा हात! ऑक्सिजन, फुगडी मोडा आणि कार्बनला धरा!"

एकीनं इंदुआत्यांचे दोन्ही हात धरले, दुसरीनं शेवंताकाकूंचे. जी ओढाताण झाली! आत्या किंचाळल्या, "अगं शेवंते, सांभाळ, पडेन मी!"

"पडू देते काय तुला!" मागून उत्तर आलं.

इतक्या वर्षांत पहिला शब्द!

पण त्या चार पोरी मोकळ्या हातांनी रडकुंडीला आलेल्या. "आम्हाला कुणीच धरेना!"

आणि ओट्यावरची केतकी ताडकन उठली. "बाई! अजून एक फुगडी हवी! दोन फुगड्या — म्हणून दोन!" तिनं पुस्तक टाकलं, सरोदेबाईंचे हात धरले, दोन गिरक्या घेतल्या. मग फुगडी सोडून दोन पोरी हिनं धरल्या, दोन बाईंनी.

"हे काय झालं, केतकी?"

"पाणी! बाई, पाणी झालं! आणि कुणी उरलं नाही!"

डोळ्यांतही पाणीच — पण हे वेगळं होतं हो!

पुढे रोज संध्याकाळी तोच खेळ, मग तेच वहीत. फेब्रुवारीत पेपर लिहिताना बाकाखाली पाय हलत होते. पर्यवेक्षक म्हणाले, "मुली, थंडी वाजते का?" ती म्हणाली, "नाही सर, फुगडी मोजतेय!"

निकाल लागला. विषय सुटला! इंदुआत्यांनी आधी साखर वाटली, मग परसातून हाक मारली, "शेवंते, पातळ बदल! सुनेला फाटक दाखवायला जायचंय!"

मंडळी, केतकी ढ नव्हती. घास मोठा होता. तुमच्या घरी असं कोण बसलंय हो, पुस्तकात तोंड खुपसून, अंगणातल्या खेळाबाहेर? घरी गेल्यावर "एवढंही येत नाही?" म्हणणार आहात, की पदर खोचणार आहात?

आता देवापुढे हात जोडा. जोडलेत? छान. पण सुटले, की ते रिकामे नेऊ नका — कुणाचे तरी धरा!