सासूची वीत

श्रोतेहो, जरा जवळ सरका, दवाखान्याच्या बाकावर ऐकलेली गोष्ट सांगतो. खडकावरचं तपकिरी शेवाळ कापणारी म्हातारी हाताला प्लास्टर घालून बसली होती, शेजारी सून.

“उद्याची मोठी ओहोटी चुकली तर पंधरवडा गेला. मी जाणार.”

“एका हाताने? सासूबाई, मी जाते.”

“गेल्या साली मुळासकट उपटलंस. तो खडक अजून टकला आहे!”

“चुकलं. यंदा बुडाशी वीतभर राखून कापेन.”

“कुणाची वीत? तुझी तर चिमणीची!”

“तुमची. द्या चांगला हात, दोऱ्याने मापते.”

“माप. आणि दोन बोटं वाढव.”

“ती कशाला?”

“माझ्या सासूची वीत तेवढी मोठी होती. उद्या कापशील तो खडक तिनेच राखला. विळा लावताना तिची आठवण ठेव, पोरी.”