शर्यतीचं पिस्तूल

(दुपारची जेवणं उरकली आहेत. उष्टी ताटं अजून टेबलावरच. सून सरकारात कायद्यांचे मसुदे लिहिते; बंदुकांच्या नव्या कायद्याचा कागद ती वाचून दाखवते आहे. सासूबाई आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, चोर बनून त्यातल्या पळवाटा शोधत आहेत.)

सून : ...'नळीतून दाबाने वस्तू फेकणारे कोणतेही साधन म्हणजे बंदूक.' चला, चोरांनो, निसटून दाखवा. निसटलात तर भांडी माझी, नाहीतर तुमची.

मुलगा : निसटतोय कसला? तू मला उगाच पकडलंस. माझ्या कारखान्यातलं खिळे मारायचं यंत्र हवेच्या दाबावरच चालतं. म्हणजे उद्यापासून मी खुर्च्या बनवत नाही, दरोडे घालतो.

सासूबाई : तुझ्या खुर्च्यांवर बसलेले लोक तसंच म्हणतात.

सून : बरं. 'दारूच्या स्फोटाने' असं लिहिते.

मुलगा : मग छऱ्याची बंदूक सुटली, ती हवेवर चालते. आणि काँक्रीटमध्ये खिळा ठोकायचं यंत्र अडकलं. त्याला दारूचंच काडतूस लागतं.

सासूबाई : अगं, 'माणूस मारायला बनवलेली' असं सरळ लिही की!

सून : लिहिलं होतं, आई. मग शिकारी म्हणतो, माझी रानडुकरांसाठी आहे.

मुलगा : लांबीवरून ठरव.

सून : लांबी लिहिली की लोक नळी कापून आणतात. दिसण्यावर गेलं तर पोरांची खेळणी सापडतात आणि खऱ्या बंदुका रंग लावून सुटतात. मागचा कायदा असाच ढिला होता. त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ज्यानं मारलं ना, ते नुसतं आवाजाचं पिस्तूल म्हणून उघड विकत आणलेलं. नळीतला अडसर काढला आणि खरी गोळी घातली. उद्या सकाळी हा मसुदा समितीपुढे जाणार. आता फट राहता कामा नये.

सासूबाई : आवाजाचं म्हणजे? ह्यांचं होतं तसलं?

सून : ...हो. तसलंच.

मुलगा : काहीतरीच! बाबांचं शर्यतीचं होतं. मैदानावर उभं राहून वर धरायचं आणि ठो! आयुष्यभर त्यांनी पोरं पळवली त्याच्यावर, माणूस नाही मारला.

सासूबाई : तू थांब रे. पुढचं वाच गं.

सून : 'आवाजाची पिस्तुलेही बंदूकच समजावीत.' संपलं.

मुलगा : संपलं कुठे? खाली बारीक अक्षरात अजून काहीतरी आहे.

सून : ती सूट आहे. असते नेहमीची.

सासूबाई : वाच.

सून : '...मात्र शर्यती सुरू करण्यासाठी वापरलेले, आणि वापरणारा हयात नसल्यास त्याच्या पत्नीने आठवण म्हणून जपलेले पिस्तूल वगळून.'

मुलगा : हा कायदा आहे की आपल्या आईचं कपाट?

सून : हसू नकोस. आई दर रविवारी ते बाहेर काढून पुसतात. माझ्याच हातानं ते जमा करायला लावू?

सासूबाई : आज चोर मी होते. बघ हं. साहेब, नमस्कार. हे माझ्या नवऱ्याचं पिस्तूल. बिचारे शर्यती लावायचे. गेले. आता हीच आठवण.

मुलगा : आई, डोळे पण पूस ना पदरानं.

सासूबाई : पुसते. आता सांग गं, मी खरी की खोटी? कशावरून ओळखशील?

सून : ...नाही ओळखता येणार.

सासूबाई : त्या औषधवाल्याच्या बायकोला काय सांगशील? माझी सासू भली आहे म्हणून दार उघडं ठेवलं?

सून : तुमचं पिस्तूल जाऊ नये, एवढंच होतं मनात.

सासूबाई : माझ्यासाठी केलंस, कळतंय मला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खोड ते.

सून : खोडलं तर दोनच वाटा उरतात. एकतर जमा करायचं. नाहीतर नळी कायमची बुजवून, आतला घोडा काढून घरी ठेवायचं. मग ते पुन्हा कधीच वाजणार नाही.

सासूबाई : हे गेल्यापासून ते कुठे वाजलंय? आणि वाजलं तरी पळणार कोण, हा? जिना चढताना धापा टाकतो.

मुलगा : माझ्यावर कशाला घसरतेस?

सासूबाई : मला एवढंच सांग. त्याची मूठ लाकडाची आहे. अंगठा ठेवून ठेवून ह्यांनी तिथं खळगा पाडलाय. मी पुसते ती तेवढीच. तो खळगा बुजवतात का?

सून : नाही, आई. मुठीला कोणी हात लावणार नाही.

सासूबाई : मग काय राहिलं? खोड.

सून : खोडलं.

सासूबाई : आता ताटं उचल. मी निसटले होते, भांडी तुझी.