न ठरलेली गल्ली

आमचे पूर्वज राजाबरोबर घोड्यावर बसून तंजावूरला आले म्हणून इथं प्रत्येक मराठी घरात सांगतील तुम्हांला, ताई, आणि जितकी घरं सांगतात तितके घोडे खरंच आले असते तर त्यांनी कावेरी तेव्हांच पिऊन संपवली असती. आमचे मात्र घोड्यांच्या मागून चालत आले, खोगिरं शिवायला, तें मी खरं सांगतें. म्हणून शिवण आमच्या हातांत. मी गोदाबाई, राजवाड्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी तिण्णैवर, म्हणजे तुमच्याकडचा ओटा, तिथं मशीन मांडून ब्लाउज शिवतें, आणि माझा आवाज असा की मी गिऱ्हाइकाला हांक मारली की मोठ्या देवळातला नंदी कान हलवतो. लिहून घ्या, पण नीट लिहा, कारण तुम्ही लिहाल तें मला वाचतां यायचं नाही, देवनागरी वाचणारे आमच्या घरांत सासऱ्यांबरोबर संपले, आणि पोरं तर मराठीत विचारलं तरी तमिळमध्येंच उत्तर देतात.

तुम्ही पाण्याचं विचारलंत नां, तें सांगतें. आमच्या गल्लीत नळ होता, पण त्यांतून वारा यायचा, गरम वारा, उन्हाळ्यांत तर मी म्हणायची की याच्यावर इस्त्री करूं. प्यायचं पाणी पलीकडच्या रस्त्यावरून आणायचं, कमरेवर प्लास्टिकचं कुडम घेऊन, मोठा घडा असतो तो, आणि माझी शेजारीण जानकी, तिचा खांदा निखळलेला, ती दोन वेळां वाटेंत बसायची. मशीन चालवतां चालवतां मला तेंच दिसायचं.

आता पलीकडच्या रस्त्याला पाणी आणि आम्हांला नाही, असं कां, काय सांगू तुम्हाला, तिथल्या लोकांचं मत कुणाला तें कुणालाच माहीत नाही. आमचं सगळ्यांना माहीत. आमदाराची निवडणूक आली की दोन्ही पक्ष त्या रस्त्यावर ढोल घेऊन जत्रा भरवायचे, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून उमेदवार कदिरेसन नुसता हात हलवून जायचा, कारण आम्ही आजेसासऱ्यांपासून त्याच्याच पक्षाचे, आणि समोरच्या पक्षाची पूंगोडी हातही हलवायची नाही, कारण आम्ही तिला मिळणारच नाही. एकाच्या खिशांत, दुसरीच्या हिशेबाबाहेर.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण माझाही धंदा तसाच की. जी बाई वर्षानुवर्षं माझ्याकडेंच येते तिचा ब्लाउज खुंटीवर लटकतो, आणि जी म्हणते मी त्या बसस्टँडजवळच्या टेलरकडे जातें, तिचा मी जेवण सोडून आधी शिवतें. तर मी जानकीला म्हटलं, आपण बसस्टँडकडे जायचं.

ती म्हणाली, कशाला, आता बस नाही.

मग समजावून सांगितलं, आपली गल्ली कुणाची तें आतां कुणालाच कळूं द्यायचं नाही. पहिली अडचण आमच्या घरांतच. आमचे हे, माधवराव, वीज मंडळांतून रिटायर, कदिरेसनच्या पक्षाचा झेंडा दारावर असा बांधतात की वादळ आलं तर घर उडेल, झेंडा राहील. मी म्हटलं, अहो, मत हवं त्याला द्या, मी विचारत नाही, पण झेंडा काढा आणि तोंड बंद ठेवा. ते म्हणाले, माझ्या वडिलांनी शब्द दिला होता. मी म्हटलं, वडिलांनी दिला तो त्यांनी पाळला, आता तुम्ही कुडम उचला. तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, फार बरं गेलं. चौथ्या दिवशी झेंडा काढून घडी करून कपाटांत ठेवला.

मग कदिरेसनचा वार्ड सेक्रेटरी आला, घरं मोजायला. तो पक्का तमिळ, आमची बोली त्याला कावळ्याची भाषा. मी मशीनवर आणि जानकी तांदूळ निवडतेय, आणि मी तिला म्हणतें, काय ग, पूंगोडीला खोबरेल तेल लावून वांगी तळलीस कां. जानकी म्हणते, पूंगोडीच्या डोक्यावर ताक ओतलं आक्का, आता पूंगोडी मऊ झाली. असं आम्ही तोंड गंभीर ठेवून, मान हलवून, आणि त्या माणसाला मधल्या सगळ्यांतून एकच शब्द कळतोय, पूंगोडी, पूंगोडी. त्याचा चेहरा रांगोळीसारखा पांढरा. पूंगोडीची माणसं आली तेव्हां कदिरेसनला तळला.

दुसऱ्या दिवशी सकाळींच कदिरेसन आला, ढोल घेऊन, गल्लीत, आंत, शेवटच्या घरापर्यंत. आम्ही आरती ओवाळली. दुपारी पूंगोडी आली, त्याच ताटांत तीच आरती, तितकीच. दोघांची माणसं कोपऱ्यावर उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत, कोण जास्त हंसलं म्हणून.

इथं उमेदवार मतं मागायला येतात तेव्हां कुणाच्या हॉटेलांत डोसा घालतात, कुणाची इस्त्री फिरवतात, फोटोसाठी. कदिरेसन माझ्या मशीनवर बसायला आला. मी म्हटलं, अण्णा, मशीन नको, पाणी आणा. त्यानं रिकामं कुडम कमरेवर घेतलं, फोटो काढला. मी म्हटलं, भरून आणा. आता सगळी गल्ली बघतेय, नाही कसं म्हणणार, गेला बिचारा, येईपर्यंत त्याचं पांढरं वेष्टी धोतर अंगाला चिकटलं आणि अर्धं पाणी वाटेवर. तें पूंगोडीच्या कानावर गेलं, तर ती संध्याकाळी दोन कुडम घेऊन आली, एक कमरेवर, एक डोक्यावर, थेंब सांडला नाही. तिण्णैवर ठेवलीं, पदरानं तोंड पुसलं, आणि आमच्या मराठींत, अगदी आमच्या घरच्यासारख्या मराठींत म्हणाली, आक्का, मला तेल आधी लावायचं की ताक आधी ओतायचं?

माझी सुई बोटांत गेली बघा. तिची आई धुणंभांडी करायची राजवाड्याजवळच्या एका मराठी रावांकडे, ती त्यांच्या स्वयंपाकघरांत वाढली. वांगी तळली त्या दिवशी ती पलीकडच्या रस्त्यावर मतं मागत होती, आणि माझा आवाज तर तुम्हांला सांगितलाच, तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं.

मी म्हटलं, मग आतां सगळ्यांना सांगणार तुम्ही. ती म्हणाली, कशाला सांगू, तुमचं ठरलेलं नाही म्हणून तर तो घाम गाळतोय आणि मीही, दोघांना पाणी किती जड असतं तें कळलं. मग खाली बसली आणि विचारलं, पाइप कुठून आणायचा, कुणाच्या घरापुढून खणायचं, जानकीचा खांदा कसा आहे. तासभर बसली. गेल्यावर जानकी म्हणाली, आक्का, आपण नाटक करत होतो नां? खरं सांगतें ताई, त्या दिवसापासून मलाच कळेना, आणि मतदानाच्या दिवशी आजेसासऱ्यांपासून चालत आलेलं बोट बटणापाशी जाऊन पहिल्यांदाच थांबलं. मागची रांग ओरडायला लागली तोंवर मी उभी होतें. मग दाबलं.

मतमोजणीला दर फेरीला पुढचा मागे, मागचा पुढे, आमच्या यांनी टीव्हीसमोर एवढी पानं खाल्ली की भिंत लाल झाली. शेवटी कदिरेसन जिंकला, केसाएवढ्या फरकानं, आमची गल्ली नुसती शिंकली असती तरी पडला असता. आणि घाबरलेला माणूस किती लवकर काम करतो तें मी बघितलं. शपथ घेऊन आला तो सरळ इंजिनीअरला घेऊन. पूंगोडीही सोडत नव्हती, हरली तरी आठवड्याला येऊन खड्डा किती खणला तें बघायची, फोटो काढायची, आणि ती आली म्हणून कळलं की संध्याकाळी तो यायचाच.

आतां दारांत पाणी येतं, एक दिवसाआड, पण येतं, आणि जानकी तिथंच नळाखाली खांदा शेकत असल्यासारखी उभी राहते. पुढची निवडणूक जवळ आलीय, तर दोन्हीकडची माणसं आत्तांच येऊन जेवलांत कां म्हणून विचारतात. झेंडा कुणाच्याच दारावर नाही. आमचे हे रोज दहीभात कालवतांना विचारतात, गोदे, खरं सांग, कुणाला दिलंस? मी लोणचं वाढतें. तुम्ही दुरून आलांत, इतका वेळ ऐकलंत, तर माझा आशीर्वाद घेऊन जा, ताई: देव तुमच्या गल्लीला दोन सारख्या जोराचे उमेदवार देवो, आणि तुमचं मत तुमच्या घरांत कुणालाही कधी न कळो.