अजून जरा ढिलं हाय

पंक्चर काढायला दिलेल्या स्कूटरपाशी अरुणा उचगावच्या गॅरेजात बसली होती. शेजारी मिस्त्री एका मुलीच्या बुलेटच्या हँडलला जीपीएस बसवत होता आणि तिचे वडील त्याच्या डोक्यावर उभे होते.

“आवळलं बघा, पावणं.”

“ढिलं हाय. हलतंय की.”

“आबा, तुमी हलवताय म्हणून हलतंय.”

“वाटंत उडून पडलं तर? बंगळूरपतोर एकटी चाललीयास, संयू.”

“सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय, आबा.”

“मग एस्टीनं जा की. मिस्त्री, हे डावीकडं घे.”

“मगाशी डावीकडंच हुतं. तुमीच उजवीकडं घ्याय लावलंसा.”

“घे म्हणतोय न्हवं! ऊन बी किती झालंय. उद्या पहाटं निघ, संयू.”

“काल बी हेच म्हणलासा.”

“काल बी ढिलंच हुतं.”

अरुणाची स्कूटर केव्हाच तयार झाली होती, पण ती उठली नाही. मुलीने मिस्त्रीकडून पाना घेतला, स्वतः स्क्रू आवळला आणि बुलेट सुरू केली.

“बसा मागं. निपाणीपतोर तुमीच बघा हलतंय का. तिथनं एस्टीनं माघारी या.”

“असा? चपलंवर?”

“चपलंवर.”

आबांनी यंत्र आणखी एकदा हलवून पाहिलं आणि मागे टांग टाकली.

“निपाणीपतोर काय कळतंय? बेळगावपतोर बघाय पायजे.”